नॅशव्हिलचा शनिवार

अमेरिकेच्या दक्षिण भागातील टेनेसी राज्याची राजधानी नॅशव्हिल हे कंबरलँड नदीच्या काठी वसलेले नगर. १७७९ च्या हिवाळ्यात लाकडी तटबंदीच्या एका छोट्या ठाण्यापासून त्याचा आरंभ झाला. आज प्रवासी येथे येतात ते प्रामुख्याने संगीतासाठी. १९२५ पासून रेडिओवर चालत आलेला ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा लोकसंगीताचा कार्यक्रम, १८९२ मध्ये बांधलेले रायमन सभागृह आणि ब्रॉडवे रस्त्यावर भरदुपारीही वाजत राहणाऱ्या गिटारी ही या नगराची ओळख झाली आहे. मात्र नदीकडे पाठ करून ब्रॉडवेने पश्चिमेला निघाले की काही वेळाने रस्त्याचे नाव बदलून वेस्ट एंड होते, गाण्यांचा गलबला मागे पडतो आणि वेगळेच नॅशव्हिल समोर येते.

वेस्ट एंडच्या एका बाजूला मोठे उद्यान आहे आणि त्यात चक्क अथेन्सचे पार्थेनॉन उभे आहे. टेनेसी राज्याच्या शताब्दीनिमित्त १८९७ मध्ये भरलेल्या प्रदर्शनासाठी ग्रीसमधील त्या प्राचीन मंदिराची पूर्ण आकाराची प्रतिकृती येथे बांधली गेली. ती तात्पुरती होती, पण लोकांना तिचा लळा लागला. पुढे ती काँक्रीटमध्ये पुन्हा उभारण्यात आली आणि १९३१ मध्ये पूर्ण झाली. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला उंच वृक्षांच्या सावलीत व्हँडरबिल्ट विद्यापीठाचा परिसर पसरला आहे. तेथील वृक्षसंपदा इतकी जपलेली आहे की १९८८ मध्ये या परिसराला राष्ट्रीय वृक्षोद्यानाचा मान मिळाला.

या विद्यापीठाच्या नावामागे एका व्यापाऱ्याची कथा आहे. कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट यांचा जन्म १७९४ मध्ये न्यूयॉर्कजवळील स्टॅटन बेटावर झाला. किशोरवयातच त्यांनी एका शिडाच्या होडीतून उतारू आणि माल यांची ने-आण सुरू केली. होडीवरून आगबोटी आणि आगबोटींवरून आगगाड्या अशी त्यांची पेढी वाढत गेली. लोक त्यांना ‘कमोडोर’, म्हणजे आरमाराचा सरदार, म्हणू लागले. यादवी युद्धात दक्षिणेची राज्ये होरपळून निघाली होती. १८७३ मध्ये एका धर्मगुरूंच्या आग्रहावरून त्यांनी नॅशव्हिलमध्ये विद्यापीठ स्थापन करण्यासाठी देणगी दिली. ती पुढे दहा लाख डॉलरपर्यंत गेली. विशेष म्हणजे देणगीदाराने हे विद्यापीठ प्रत्यक्ष कधीच पाहिले नाही. दीडशे वर्षांनंतरही तेथील खेळाडूंना ‘कमोडोर्स’ म्हणतात, सामन्याच्या मैदानात जहाजाचा नांगर मिरवतात आणि गुण मिळाला की जहाजाचा भोंगा वाजवतात. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या गावातला हा भोंगा ऐकून नवखा प्रवासी चकित होतो.

भारतात ज्याला फुटबॉल म्हणतात तो हा खेळ नव्हे. येथे चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता असतो आणि तो बहुतेक वेळ पायाऐवजी हातात असतो. प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू असतात. ज्या संघाकडे चेंडू असेल त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. सरकला तर आणखी चार प्रयत्न मिळतात, अन्यथा चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. शंभर यार्डांचे मैदान असे इंच-इंच जिंकत शेवटची रेषा ओलांडली की सहा गुण मिळतात आणि मैदानाच्या टोकाला असलेल्या उंच खांबांमधून लाथेने चेंडू धाडला की तीन. विद्यापीठांचे हे सामने प्रामुख्याने शनिवारी होतात. हंगामात एका संघाच्या वाट्याला साधारण बारा सामने येतात आणि त्यातील निम्मेच घरच्या मैदानावर असतात. त्यामुळे घरच्या मैदानावरचा प्रत्येक शनिवार सणासारखा वाटतो. मोटारींच्या मागे घडीची टेबले मांडली जातात, डबे उघडले जातात, आजोबांपासून नातवापर्यंत सारे एकाच रंगाचे कपडे घालून येतात. अमेरिकेत शिकायला गेलेला मुलगा शनिवारी दुपारी फोन का उचलत नाही, याचे उत्तर पुष्कळदा या मैदानात सापडते.

व्हँडरबिल्टचे मैदान १९२२ मध्ये बांधले गेले. दक्षिणेत केवळ विद्यापीठीय फुटबॉलसाठी उभारलेले ते पहिले क्रीडांगण मानले जाते. १४ ऑक्टोबर १९२२ रोजी उद्घाटनाचा सामना झाला आणि पाहुणा संघ होता मिशिगनचा. तो त्या काळातील बलाढ्य संघांपैकी एक होता. नॅशव्हिलचे प्रशिक्षक डॅन मॅकगगिन आणि मिशिगनचे प्रशिक्षक फील्डिंग योस्ट हे एकमेकांचे साडू होते. मॅकगगिन पूर्वी योस्ट यांच्याच हाताखाली मिशिगनसाठी खेळले होते. अशा संघाला व्हँडरबिल्टने एकही गुण मिळू दिला नाही आणि सामना शून्य-शून्य बरोबरीत सुटला. तेव्हा व्हँडरबिल्टची गणना दक्षिणेतील अग्रगण्य संघांत होत असे.

नंतर काळ फिरला. १९३२ मध्ये दक्षिणेतील विद्यापीठांनी मिळून ‘साउथईस्टर्न कॉन्फरन्स’ हा संघसमूह स्थापन केला. व्हँडरबिल्ट त्याचे संस्थापक सदस्य. आज या समूहात सोळा विद्यापीठे आहेत आणि त्यातील पंधरा सरकारी आहेत. व्हँडरबिल्ट हे एकच खासगी आहे. येथे पदवीचे विद्यार्थी सुमारे सात हजार, तर अलाबामासारख्या विद्यापीठात तीस हजारांहून अधिक. जितके विद्यार्थी तितके माजी विद्यार्थी, तितके चाहते आणि तितकाच पैसा, हा हिशेब कोणत्याही व्यापाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. १९५५ नंतर हंगामाअखेरचा मानाचा सामना जिंकण्यासाठी व्हँडरबिल्टला २००८ सालच्या शेवटच्या दिवसापर्यंत थांबावे लागले. दोन पिढ्या त्यात गेल्या. हरण्याचेही एक वळण पडते. नॅशव्हिलकरांनी स्वतःच्या संघावर विनोद करायला शिकून घेतले, कारण परक्याने हसण्याआधी आपणच हसलेले बरे.

दक्षिणेकडे मोटारीने सुमारे चार तासांवर टस्कलूसा हे गाव आहे. तेथे अलाबामा विद्यापीठ आहे आणि तेथील क्रीडांगणात एक लाख लोक बसतात. राष्ट्रीय विजेतेपदे अलाबामाने डझनावारी मिळवलेली आहेत. बेअर ब्रायंट आणि निक सेबन या त्यांच्या दोन प्रशिक्षकांनी प्रत्येकी सहा विजेतेपदे तेथे मिळवून दिली. यातले ब्रायंट तरुणपणी, १९४० च्या सुमारास, व्हँडरबिल्टमध्येच साहाय्यक प्रशिक्षक होते, ही आठवण नॅशव्हिलमधील जुनी मंडळी आजही काढतात. अलाबामाला व्हँडरबिल्टने शेवटचे हरवले होते १९८४ मध्ये आणि तेही टस्कलूसात. स्वतःच्या गावात हरवले होते १९६९ मध्ये.

असा पाहुणा गावात येणार असला की नॅशव्हिलच्या घराघरांत एक प्रश्न उभा राहतो. पुष्कळ कुटुंबांकडे पूर्ण हंगामाची तिकिटे असतात. काहींची जागा वडिलांपासून चालत आलेली असते. किरकोळ संघ आला तर त्या तिकिटाला गिऱ्हाईक मिळत नाही. अलाबामा आला की चित्र पालटते. लाल रंगाचे कपडे घातलेले पाहुणे शुक्रवारपासूनच ब्रॉडवेवर दिसू लागतात. त्यांना गाणीही ऐकायची असतात आणि विजयही पाहायचा असतो. क्रीडांगण लहान, मागणी प्रचंड. तिकिटाचा भाव चढत जातो. म्हणजे ज्या दिवशी जिंकण्याची आशा सर्वांत कमी, नेमक्या त्याच दिवशी जागेची किंमत सर्वांत जास्त. एका तिकिटाच्या विक्रीत पुढच्या हंगामाच्या खर्चाचा बराचसा भार निघून जाऊ शकतो. मग घरातला व्यवहारी माणूस विचारतो की हरतानाच पाहायचे असेल तर ते घरी बसून दूरचित्रवाणीवर फुकट पाहता येत नाही का?

हा प्रश्न चुकीचा मुळीच नाही. त्याला उत्तर देणे अवघड आहे. पुष्कळ जण तिकीट विकतात आणि म्हणूनच अशा शनिवारी यजमानांच्या मैदानात पाहुण्यांचा लाल रंगच अधिक दिसतो. घरच्या संघातील तरुण मुले मैदानात धावत येतात आणि मान वर करून पाहतात तर सभोवती प्रतिस्पर्ध्याचा जयघोष. ज्यांनी तिकीट विकले त्यांच्या वहीत जमा बाजूला रक्कम दिसते. त्या मुलांना काय वाटले, याची नोंद करायला त्या वहीत रकाना नसतो.

२०२४ च्या सप्टेंबरअखेरीस हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. प्रशिक्षक क्लार्क ली हे मूळचे नॅशव्हिलचेच. ते याच विद्यापीठात शिकले, याच संघातून खेळले आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये संघाची धुरा घेऊन परत आले. पण २०२३ च्या हंगामात बारापैकी दोनच सामने जिंकता आले होते आणि शेवटचे दहा सलग हरले होते. नव्या हंगामाची सुरुवात व्हर्जिनिया टेकला हरवून चांगली झाली, मात्र पुढे तुलनेने दुबळ्या जॉर्जिया स्टेटकडून पराभव पदरी आला. मग मिझुरीसारख्या तगड्या संघाला त्याच्याच मैदानावर जादा वेळेपर्यंत झुंजवून ३०-२७ असा निसटता पराभव. चार सामन्यांत दोन विजय आणि दोन पराभव, अशा जेमतेम शिलकीवर अलाबामाचा आठवडा उजाडणार होता.

२८ सप्टेंबरच्या शनिवारी व्हँडरबिल्टला सुट्टी होती. त्या रात्री नॅशव्हिलमधील चाहत्यांना पुढच्या शनिवारचा पाहुणा घरबसल्या पाहता आला. अलाबामाने जॉर्जियावर २८-० अशी आघाडी घेतली, ती सारी गमावली, एका क्षणी ३४-३३ असा मागेही पडला आणि अखेर सतरा वर्षांच्या रायन विल्यम्सने पाऊणशे यार्डांची मजल मारल्यावर ४१-३४ असा जिंकला. दुसऱ्या दिवशी अलाबामा देशात पहिल्या क्रमांकावर होता. सामना एकच होता, पण त्याचे अर्थ दोन निघत होते. निराशावादी म्हणत होता की अट्ठावीस गुणांची आघाडी बुडाल्यावरही जो जिंकतो त्याच्यापुढे कोण टिकणार? आशावादी म्हणत होता की अट्ठावीस गुणांची आघाडी ज्याच्या हातून निसटते तो अजिंक्य कसा? जाणकारांचा अंदाज मात्र ठाम होता. अलाबामा वीसहून अधिक गुणांनी जिंकेल, असे बहुतेक सांगत होते.

आशावाद्यांच्या बाजूने आणखी एक गोष्ट होती. संघाचा सूत्रधार खेळाडू डिएगो पाविया न्यू मेक्सिकोतील आल्बुकर्कीचा. अंगाने फारसा उंच नाही. शाळा संपवल्यावर मोठ्या विद्यापीठांपैकी कोणीही त्याला बोलावले नव्हते. तो आधी दोन वर्षांच्या छोट्या महाविद्यालयात खेळला आणि तेथे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. नंतर न्यू मेक्सिको स्टेटमध्ये गेला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये त्या संघाने बलाढ्य ऑबर्नला त्यांच्याच गावात ३१-१० असे हरवले. ऑबर्न हेही अलाबामा राज्यातलेच विद्यापीठ. मोठ्या नावासमोर गुडघे न टेकणारा एक मुलगा आता व्हँडरबिल्टच्या काळ्या-सोनेरी पोशाखात होता. आशेला एवढे निमित्त पुरले.

५ ऑक्टोबर २०२४. सामन्याची वेळ दुपारी सव्वातीन. भारतात तेव्हा रविवार सुरू होऊन पावणेदोन वाजलेले. वेस्ट एंडवर दुपारपासून लाल आणि काळे-सोनेरी असे दोन प्रवाह वाहत होते. क्रीडांगणाची दक्षिण बाजू बांधकामासाठी उघडी होती, त्यामुळे प्रेक्षकांच्या जागाही नेहमीपेक्षा कमी, तिशी हजारांच्या आतच. आपल्या जागेवर येऊन बसलेल्या नॅशव्हिलकरांना एक आकडा तोंडपाठ होता. देशाच्या क्रमवारीतील पहिल्या पाचांत असलेल्या संघांशी व्हँडरबिल्ट आजवर साठ सामने खेळला होता आणि साठही हरला होता. तो आकडा ठाऊक असूनही जो त्या दुपारी आला, त्याच्याकडे येण्याचे काय कारण होते? विजय पाहायला तो आला असे म्हणता येत नाही. घरातल्या मुलाची परीक्षा अवघड आहे म्हणून कोणी त्याला दारापर्यंत सोडायला जायचे थांबत नाही, तसेच काहीसे ते येणे होते.

मग जे घडले ते थोडक्यात सांगता येते. पहिल्याच चढाईत व्हँडरबिल्टने गुण मिळवले. थोड्याच वेळात अलाबामाचा एक फेकलेला चेंडू मध्येच पकडून रँडन फाँटनेटने तो थेट शेवटच्या रेषेपार नेला. फलकावर १३-० आकडे दिसू लागले. मध्यंतराला २३-१४. साठ मिनिटांच्या खेळात बेचाळीस मिनिटे चेंडू व्हँडरबिल्टकडे राहिला. पावियाने वीस वेळा चेंडू फेकला आणि सोळा वेळा तो आपल्या माणसाच्या हाती पोचला. अलाबामा पुनःपुन्हा जवळ येत गेला, पण एका क्षणासाठीही पुढे जाऊ शकला नाही. वाट पाहणाऱ्यांचा खरा जीव टांगणीला लागला तो आता. हरण्याची सवय असलेल्या माणसाला आघाडी फार जड जाते. शेवटच्या मिनिटापर्यंत नॅशव्हिलकर चूक कोठे होईल याचीच वाट पाहत होते. चूक झाली नाही. जहाजाचा भोंगा वाजला आणि फलकावर ४०-३५ हे आकडे थांबले.

त्यानंतर प्रेक्षक मैदानात उतरले. उंच पिवळे गोलखांब उखडले गेले आणि शेकडो तरुण ते खांद्यावर घेऊन क्रीडांगणाबाहेर पडले. वेस्ट एंडवरून, ब्रॉडवेवरून, गिटारी वाजवणाऱ्यांच्या दारांवरून ही मिरवणूक दोन-अडीच मैल चालत नदीपर्यंत गेली आणि खांब कंबरलँडच्या पाण्यात गेले. मैदानात घुसल्याबद्दल संघसमूहाच्या नियमाप्रमाणे विद्यापीठाला एक लाख डॉलरचा दंड झाला. नदीतून काढलेल्या खांबांचे पुढे तुकडे करून विद्यापीठाने ते चाहत्यांना विकले. कमोडोरांच्या नावाला शोभेल असाच तो व्यवहार म्हणायचा.

एवढ्यावर कथा संपवली असती तर ती केवळ एका चमत्काराची ठरली असती. नॅशव्हिलमध्ये खरोखर काय बदलले हे कळण्यासाठी पुढचे वर्ष पाहावे लागते. ४ ऑक्टोबर २०२५ रोजी तोच संघ टस्कलूसाला गेला. या वेळी व्हँडरबिल्टने हंगामातील पाचही सामने जिंकले होते आणि देशाच्या क्रमवारीत त्याला स्थान होते. चाहते चार तासांचा प्रवास करून गेले आणि या खेपेला विनोद करत गेले नाहीत. एक लाख लोकांच्या गर्जनेत अलाबामाने ३०-१४ असा विजय मिळवला. आदल्या वर्षीचे ऋण व्याजासह फिटले.

परतीचा तो प्रवास नॅशव्हिलकरांना जड गेला असणार. वर्षानुवर्षे अलाबामाकडून हरल्यावर त्यांना काहीच वाटत नसे, कारण काही मिळेल अशी अपेक्षाच नसे. आता हरणे पुन्हा टोचू लागले. ज्या घरात एखादे नुकसान कोणाच्या लक्षातच येत नाही ते घर श्रीमंत तरी असते किंवा हताश तरी. नॅशव्हिल फार काळ दुसऱ्या प्रकारात होते. २०२४ च्या त्या दुपारने त्याला तेथून बाहेर काढले आणि त्याबदल्यात पराभवाचे दुःख परत दिले. हा सौदा तोट्याचा आहे असे तेथील कोणी चाहता म्हणेल असे वाटत नाही.

आणि तिकिटाचा प्रश्न? तो सुटलेला नाही. मोठा पाहुणा पुन्हा येईल तेव्हा भाव पुन्हा चढेल आणि घरातला व्यवहारी माणूस पुन्हा तोच हिशेब मांडेल. फरक इतकाच की आता त्या हिशेबात एक नवी ओळ आली आहे. ५ ऑक्टोबरला ज्यांनी जागा विकली त्यांना ठरलेला पैसा मिळाला आणि त्यांची फसवणूक कोणीही केली नाही. मात्र पंचावन्न वर्षांनी आपल्या गावात झालेला विजय त्यांच्या खुर्चीवर बसून अलाबामाहून आलेल्या एखाद्या अनोळखी माणसाने पाहिला आणि त्याला तो पाहायची इच्छाही नव्हती. वडिलांची जागा मुलाने सांभाळावी, भाव चढलेला असतानाही सांभाळावी, असे नॅशव्हिलमधील काही घरांत पूर्वीपासून मानतात. त्या घरांतील मुले त्या दिवशी मैदानात होती. त्यांच्याकडे दाखवायला नफा नाही. खांबाचा एखादा तुकडा कपाटात असेल, आणि तो मात्र ते कोणत्याही भावाने विकणार नाहीत.